साध्या पाण्याचा गट

सेमेय शहरात, इर्तिश नदीच्या चढावर,
प्रयोगशाळेच्या तळघरात साठ उंदीर.
तिसांना ओब्लेपिखाचा अर्क,
तिसांना साधं पाणी.
शेपटीवर शाईच्या रेघा मी ओढते,
आडवी रेघ म्हणजे पाच.
नावं ठेवायची नाहीत, कुल्याशबाई बजावतात.
पिंजरे धुताना मी दोन्ही अर्थांनी ठेवते.

ओब्लेपिखा : काटेरी झुडूप,
फळं नारिंगी, फांदीला अशी बिलगलेली
की खुडायला जावं तर बोटं रक्ताळतात.
आम्ही कडाक्याच्या थंडीची वाट बघतो,
खाली चादर अंथरून काठीनं झोडपतो,
गोठलेली फळं गारांसारखी पडतात.

झाडाला पळता येत नाही.
दिवसभर उन्हात उभं राहायचं,
म्हणून त्यानं सालीत रंग शिजवला.
ऊन आत ठिणग्या पाडतं,
रंग त्या अंगावर घेतो.
कुल्याशबाई फळ्यावर षटकोनाला षटकोन जोडतात,
एका कोपऱ्यावर बोट ठेवतात :
इथून तो आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो.
मला आमचा दुकानदार तुर्लिबेक आठवतो,
पीठ उधार द्यायचा, वही नव्हती त्याच्याकडे.

अर्क आधी द्यावा लागतो.
कोबाल्टची पेटी उघडण्याच्या अर्धा तास आधी.
नंतर पाजला तर
नुसताच आंबट.

वडील तेव्हा दहा वर्षांचे.
तासभर आधी सैनिक आले होते.
तासभर!
म्हणाले, ओढ्यात पालथे पडा, डोळे मिटा.
सगळे पडले.
कुत्रा तेवढा उभा राहिला,
त्याला रशियन येत नव्हतं.
ऑगस्ट होता. ओढ्याकाठी
ओब्लेपिखाची फळं अजून हिरवी होती.

पुढे दर वर्षी एक डॉक्टर यायचा.
रक्त घ्यायचा, लिहून न्यायचा,
जाताना मुलांना साखरेचा खडा द्यायचा.
औषध नाही.

तिसाव्या दिवशी मोजदाद केली.
अर्कवाले एकवीस उरले.
पाण्यावाले चार.
कुल्याशबाईंनी आलेख काढला, दोन रेघा,
एक उतरणारी, एक कोसळणारी,
आणि कधी नव्हे ते त्यांनी मला चॉकलेट दिलं.

घरी गेले. वडील चहात मीठ ढवळत होते.
सगळं सांगितलं, एकवीस तीनदा सांगितलं.
ते मान डोलवत राहिले,
मानेमागचा तो जुना डाग
कॉलरच्या आत-बाहेर.

मग विचारलं,
ते चार कसे काय राहिले?

माहीत नाही, म्हटलं.
आमच्याकडे त्याचा रकाना नाही.

त्यांनी वाटी पालथी घातली.
उद्या त्यांना
थोडं गाजर ने, म्हणाले.