पान बेचाळीस

गुरुवारी दुपारी मी हॉस्पिसच्या दुकानात असते,
स्टॉकपोर्टला, विटांच्या त्या उंच पुलाच्या पायथ्याशी.
वरून मँचेस्टरची गाडी गेली
की फळीवरच्या जुन्या कपबश्या किणकिणतात.
माझं काम मागच्या खोलीत. दान आलेल्या पिशव्या सोडायच्या,
कपडे डेनिसकडे, पुस्तकं माझ्याकडे.

मार्च उजाडला की ती यायला लागतात,
जानेवारीत हौसेने घेतलेली:
पहाटे पाचला उठवणारी, साखर सोडवणारी,
मनातली अडगळ काढणारी, कपाटातली अडगळ काढणारी.
ही शेवटची अडगळीतूनच येतात,
म्हणजे एवढं तरी ती करून दाखवतात.
डेनिस लेबल चिकटवते. नवं आयुष्य, एक पौंड.
तीन घेतलीत तर दोन पौंडात.

मी आधी एकेक झटकते. वाळू, केस, बसची तिकिटं.
पहिल्या प्रकरणात पेन्सिल सुसाट,
ओळ न् ओळ अधोरेखित, समासात उद्गारचिन्हं.
दुसऱ्यात रेघ दमते, तिरकी होते,
आणि बेचाळिसाव्या पानाच्या आसपास
चहाचा एक गोल डाग.
पुढे सगळं छापखान्यातून आलं तसं.
आपण नव्याचे नऊ दिवस मोजतो.
इथे पानं मोजतात.

मी हसायचे.
तेव्हा माझीही साखर सीमेवर उभी होती,
पासपोर्ट हातात घेऊन, असं डॉक्टर ओकाफोर म्हणाले.
आणि माझ्याही उशाशी होतं एक,
मैथिलीने ब्रिस्टलहून पाठवलेलं.
खूण कितव्या पानावर, ते विचारू नका.
कळतं पण वळत नाही, याला इंग्रजीत काय म्हणायचं
ते तेहेतीस वर्षांत मला सापडलं नाही.
तसं वागणारे मात्र गल्लोगल्ली भेटले.

मग एका जाडजूड पुस्तकातून पडलं
गॅसच्या बिलाचं पाकीट. पाठीवर निळी शाई, कापरं अक्षर:

पडदे उघडणे. दाढी नंतर केली तरी चालेल.
पोस्टापर्यंत चालत. परत बसने.
आयरीनला फोन. तिने केला नाही तरी.
बिस्किटं दोन.
दोनवर काट. तीन.

बस, एवढंच. पुस्तक तीनशे पानांचं.

पाकीट घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टीने सांधलेलं,
आणि आतल्या बाजूला उभ्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, पाच-पाचाच्या जुड्या.
मी मोजत गेले. दोनशेनंतर सोडून दिलं.
पुस्तकातली खूण मात्र, मी पाहिलं,
बेचाळीसवरच.

कुणाची पिशवी, मी विचारलं.
मुलगा आणून ठेवून गेला, डेनिस म्हणाली,
वडिलांचं घर रिकामं करतोय.
पुलावरून गाडी गेली. आम्ही दोघी
कपबश्या थांबेपर्यंत थांबलो.

पुस्तकाला लेबल लावलं, एक पौंड.
पाकीट माझ्या स्वेटरच्या खिशात आलं.
ही चोरी असेल तर असो.

आमच्याकडचं पोस्ट कधीच बंद झालंय,
तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात.
मी त्या दारापर्यंत चालत जाते,
आतल्या ओल्या पूडलला हात करते, बसने परत.

माझी आयरीन सांगलीला असते. नाव इंदुमती.
आईच्या पाटल्यांवरून सहा वर्षं अबोला.
इथे चार वाजले होते, तिकडे साडेनऊ.
घंटा वाजत राहिली, मी ठेवणार तोच—
कोण?
मी.
बराच वेळ नुसता तिच्याकडचा पंखा ऐकू आला.
मग मी विचारलं, बिस्किटं किती खातेस गं हल्ली?

आता माझ्याही रेघांच्या सात जुड्या झाल्यात,
वर दोन सुट्या. मधे एक आख्खा आठवडा कोरा,
तो तसाच ठेवलाय.
पडदे, पोस्ट, इंदू.
चौथ्या ओळीवर
अजून खाडाखोड चालू आहे.