शाबाचा हात

सहा वह्या भरल्या,
शाबाचे हात अजून खिशातच.
बघणाऱ्यांना वाटतं, ऐटबाज खलाशी आहे.
खरं एवढंच, की मला बोटं जमत नाहीत.
तोंडही कायम डावीकडे,
उजवा डोळा काढला की तो वेगळ्याच माणसाचा होतो.

वीज खात्यात बिलांच्या खिडकीशी बसते मी.
रद्द झालेल्या बिलांच्या पाठी कोऱ्या असतात.
शाबा तिथेच जन्मला, कुणा थकबाकीदाराच्या मागे,
सात-आठ रेघांत, टोपीसकट.

बेतीच्या धक्क्यावर उतरलं
की कायतान शिंप्याचं दुकान.
ब्लाउज आणायला गेले, वही तिथेच राहिली.
दुसऱ्या दिवशी ती उघडी, वर खडूचा तुकडा.
"बाय, उजवाड खंयच्यान येता?"
कुठला उजेड?
"ह्या मनशाचेर."
नाकाची सावली उजवीकडे, टोपीची डावीकडे,
पायांखाली तर काहीच नाही.
दोन सूर्य आणि माणूस अधांतरी,
असल्याची पँट आपण शिवणार नाही म्हणाला.

दिवसभर लाइट बिलं फाडते मी,
आणि उजेड कुठून येतो
हे विचारायला शिंपी लागला.

मग सुधारणा म्हणून बोटाने घासलं.
गाल, मान, सदरा, सगळं एकाच धुरात.
कायतान म्हणाला, कापड असं पडत नाही.
ते खांद्याला लटकतं, कोपराशी अडतं,
मध्ये जिथे त्याला कुणी धरलेलं नसतं
तिथे चुणी येते.
सावली त्या चुणीत घाल. बाकी कागद सोड.

कागद सोडणं कठीण.
हात शिवशिवत राहतो.

तेव्हापासून बोटीत उभी राहून बघते
दोर टाकणाऱ्या पोराकडे. नाव माहीत नाही,
मानेवर भाजल्याचा डाग आहे.
साडेपाचचं ऊन त्याच्या डाव्या गालावर.
हनुवटीखाली सगळ्यात गडद असायला हवं,
पण मांडवी खालून उजेड फेकते,
हलता, थोडा हिरवट,
आणि गळ्याची सावली आतून उजळते.
किती वर्षं ती जागा मी
जाड पेन्सिलीने बुजवत होते.

क्षितिजही फूटपट्टीने ओढायचे, पानाच्या मधोमध.
बाकावर बसले तर ते बसलं.
उभी राहिले, उठलं माझ्याबरोबर.
ओहोटीला बोट खाली जाते
तेव्हा धक्क्यावरच्या माणसांच्या चपला
माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतात,
आणि त्यांची डोकी लहान, लांब, आभाळात.

परवा तो पोरगा दोर घेऊन माझ्याच दिशेने वळला.
पंजा तोंडाएवढा झाला.
मनगट पंजामागे, कोपर मनगटामागे,
दंड जवळजवळ नाहीच,
बाहीची फक्त एक कड.
तेवढं डोळ्यांत धरून घरी आले. भात करपला.

हात लांब दाखवायचा तर आखूड काढावा लागतो,
हे माझ्या हाताला पटेना.
दर वेळी तो पुऱ्या मापाने जायचा,
जणू बाही बेतायची आहे.
खोडून खोडून बिलाला भोक पडलं,
पलीकडच्या एकूण रकमेतून आरपार.

रात्री अकराला आला एकदाचा खिशाबाहेर.
अंगठा केळ्यासारखा, करंगळी कुठे गेली कोण जाणे.
पण दोर पानातून सुटला
आणि मी नकळत मागे सरकले,
खुर्चीसकट.

सकाळी कायतानला दाखवला.
त्याने चष्मा पुसला, मान वाकडी करून बघितलं,
टेप गळ्यात तशीच.
"हात बरो जाला."
मग खडूने टोचलं,
"कान मात अजून कालच्या उजवाडांत आसा."

बघते तर खरंच.
तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.
कानाचं संध्याकाळी.