दाणाबंदरची सुट्टी

मे महिन्यात वर्गातली मुलं
मामाच्या गावाला जात.
मी आणि प्रल्हाद
बाबांबरोबर दाणाबंदरला जायचो,
पिंजरे लावायला.

आई म्हणे, न्या दोघांना,
तेवढीच घराला शांती.
बाबा महापालिकेचे. खांद्यावर बांबू,
बांबूला दोन्हीकडे सहा-सहा पिंजरे,
रिकामे, चालताना खुळखुळणारे.
वासाचा पुडा माझ्याकडे: शिळी भजी, सुकट.
प्रल्हादकडे खडू. दारावर फुली मारायला.

साबण लावायचा नाही, बाबा म्हणत.
मला मुकादमाच्या चपला लांबून कळतात,
तसा त्याला आपला हात कळतो.
आधी तळव्याला भज्याचं तेल चोळा,
मग कडीला शिवा.

आणि मधोमध काही ठेवू नका.
तो भिंतीला मिशी लावून चालतो.
गर्दीत तुम्ही आईचा पदर धरता ना,
तशी त्यानं भिंत धरलेली असते.

बघा, म्हणत, आणि उकिडवे बसत.
चुन्यावर, जमिनीपासून बोटभर वर,
एक काळी तेलकट रेघ
गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
इतकी अंगं घासून गेली होती तिथून.
मी ती रेघ बोटानं गिरवली
आणि टपली खाल्ली.

लेंडी चकचकीत असेल तर कालची.
घूस असेल तर मला हाक मारा.
चिचुंद्री आली तर सोडून द्या बिचारीला,
ती आपल्या यादीत नाही.

सकाळी सहाला फेरी.
एकदा बाबांनी रुमालाच्या घडीत एक धरला,
म्हणाले, पाठीवरून एक बोट फिरव.
तो मऊ होता.
तो मऊ असेल
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग ते आठ आणे देत.
जा, बेकरीतून पाव आणा. सावकाश या.
आम्ही यायचो तेव्हा पिंजरे रिकामे, निथळत,
पिंपातलं पाणी अजून हलत असायचं.
बाबा हात धुवायचे. इथे साबण चालायचा.
पाव गरम असे.

त्या दिवशी प्रल्हाद पाव आणायला आलाच नाही.
पोट मोठं आहे तिचं, एवढंच म्हणाला,
कडी त्याच्या हातात, पिंजरा उघडा.

बाबा ओरडले नाहीत.
वहीत बाराच्या जागी अकरा लिहिले,
आणि आम्हाला मागच्या गल्लीत घेऊन गेले,
एका हमालाच्या खोलीत.
झोळीत बाळ. पायाच्या अंगठ्याला चिंधी.
चिंधी सोडून बघितलं आम्ही.
बाळाची आई आमच्यासाठी पाणी घेऊन आली.

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.
पुलाखाली बाबा थांबले, बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला.
सुटलेली परत आत शिरत नाही, म्हणाले,
पिल्लांनाही शिकवेल.
आवाजात राग होता की कौतुक,
मला तेव्हा कळलं नाही.
प्रल्हाद रडत होता,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे
सगळ्यांच्या आधी उठून खडू शोधत होता.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.
प्रल्हाद औषधांच्या दुकानात असतो,
विषाची पाकिटं विकतो, गिऱ्हाइकाला म्हणतो,
हात न लावता ठेवा, भिंतीलगत.

मी भांडुपला नवी जागा बघायला गेले होते.
एजंट खिडकीतून डोंगर दाखवत होता.
मी खाली बसले होते,
कोऱ्या भिंतीच्या कडेला,
जमिनीपासून बोटभर वर
काही आहे का बघत.