धाव

जीप आधीच दोन इंच उचललेली होती,
आधीच्या मालकाचा शौक, माझ्या गळ्यात.
खाली ते कारखान्यातले टायर,
पैलवानाच्या पायात धाकट्या भावाच्या चपला.

बीडात, बार्शी नाक्यावर,
मुनाफभाईंनी चार नमुने भिंतीला उभे केले
आणि विचारलं, "डाक्टर साब, चलाना किधर है?"

तिथंच घोडं अडलं.
माझ्या कामाचे दोन मुलूख.
खाली गोदाकाठ, काळं रान,
भादव्यात म्हैस अडली की फोन येतो
आणि फोनवरच सांगतात, रस्ता विचारू नका.
वर पाटोद्याकडं बालाघाट,
तिथला दगड टायरच्या तळाला हात लावत नाही,
बाजूनं चिरतो, पोट पाहून.

मोठ्या ठोकळ्यांचा टायर चिखल झटकतो,
पण डांबरावर भुंगा होऊन कानात बसतो.
बारीक नक्षीचा गुमान चालतो
आणि काळ्या मातीत पहिल्याच फेरीत
लिंपलेल्या कणगीसारखा गुळगुळीत होतो.

मी चकाकत्या अलॉयवर बोट ठेवलं.
मुनाफभाई हसले. "ये टूटता. लोहा मुड़ता.
मुड़ा तो पाटोदे में कोई भी घन मार के सीधा कर देगा.
टूटा तो पूना को फोन लगाव."

केरबा एवढा वेळ स्टुलावर बसून बशी फुंकत होता.
अकरा वर्षं माझ्याबरोबर.
दावं धरणं, जनावर पाडणं, माझ्या सुया उकळणं.
बाप त्याचा गाड्यांची चाकं करायचा.
म्हणाला, "उंच घ्या. रुंद नका घेऊ."
बशी संपवली, मग पुढचं:
"रुंद चाक मातीवर बसतंय.
अरुंद खाली जाऊन टणक हुडकतंय."

मुनाफभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

मग दुकानात टायरचं बोलणंच राहिलं नाही.
बाभळीचे आरे, तुंबा, पाटे,
गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव,
ती चढवायची आणि चौघांनी घागरी ओतायच्या,
लोखंड आकसताना सगळं चाक कसं कण्हायचं
ते केरबानं तोंडानं काढून दाखवलं.
पंक्चरवालं पोरगंही ऐकत उभं राहिलं.

एकतीस इंच उंच, अंगानं सडपातळ, रिम लोखंडी.

चढवल्यावर शेजारच्या खानावळीतून कणकेचा गोळा आला.
मडगार्डाच्या आत चिकटवला,
एक चाक दगडावर, स्टिअरिंग पार डावीकडं.
गोळा काढला तेव्हा बोटभर जाड उरला होता.
"इत्ता बस."
उजवीकडं मात्र घासलं.
हातोडीनं काठ आत वळवावा लागला, रंग उडाला,
तो अजून तसाच आहे.
स्टेपनी जुनीच ठेवली. पैसे संपले.
मुनाफभाईंना ते आवडलं नाही,
बोलले काही नाहीत.
निघताना सिगारेटच्या पाकिटावर हिशोब मांडून दिला:
मीटर साठ म्हणेल, तुम्ही चौसष्टनं असाल.
आणि पन्नास किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळा, भूलो मत.

घाटात गाडी आता तिसऱ्यावर कुरकुरते, दुसरा मागते.
केरबाला उतरायला उडी मारावी लागते.
त्यालाही तो काही बोलत नाही.

त्याच रात्री फोन आला, गोदाकाठाचा.
शेवटच्या वळणावर पुढचं चाक खाली गेलं,
अजून खाली गेलं,
माझा श्वास वर,
आणि मग कुठंतरी आत, हळूच,
टणक लागलं.

रेडकू उलटं होतं. दीड तास गेला.
हात धुऊन बाहेर आलो तर
केरबा चिखलात गुडघे टेकून,
दातांत बॅटरी, हातात पाना.
"पन्नास झाले," म्हणाला.
मी आत डोकावून पाहिलं,
"मीटर तर सेहेचाळीस सांगतंय."
त्यानं शेवटचा नट आवळला,
चाकावर थाप मारली, म्हशीवर मारतो तशी.
"मीटर कुठं चालतंय आपल्याबरोबर, डॉक्टर.
ते तर बसून येतंय."