नऊ गाठी

तिच्या सत्काराची स्मरणिका निघते आहे
आणि बालपणावर एक पान मी लिहावं म्हणता.
पान म्हटलं की मला तेंदूचंच दिसतं,
कोवळं, तांबूस, पहाटे तीनला खुडलेलं,
बायकांच्या ओच्यात घाम धरलेलं.

सुकवारो कोरेटी. चौथीत माझ्या मागच्या टाटपट्टीवर.
तेराचा पाढा अडायचा,
सत्तरचा मात्र घडघड.
गुरुजी म्हणाले, हा पाढा पुस्तकात नाही.
ती म्हणाली, "जंगलात हाय जी."

सत्तर पानांचा एक पुडा,
पस्तीस उताणी, पस्तीस पालथी,
पळसाच्या मुळीच्या वाकानं बांधलेला.
शंभर पुड्यांवर पाच जास्तीचे द्यायचे,
त्यांना म्हणत चिल्लर.
कुणी ठरवलं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही,
फडीवरचा मुनशी माझा बाप होता.

बाप वाईट नव्हता. टायरच्या चपला,
ठेकेदारानं दिलेली टॉर्च, आणि हातात काठी.
ओळीओळीतून ओणवा चालायचा
आणि काठीच्या टोकानं पुडा उडवायचा:
"काळं पान. बाद."
बाद पुडा कडेला पडे. त्याचे पैसे नाहीत.
परतही नाही.

सुकवारोची माय बोलत नसे.
लुगड्याचा पदर दातात धरून
उरलेले पुडे सरळ करी.
सुकवारो बघत राही
कडेच्या ढिगाकडे,
शेळी हरवलेल्या पोरीसारखी.

रात्री तो ढीग आम्ही उचलायचो.
बाप, मी आणि एक कंदील.
बाद पुडे चांगल्या ओळींत मिसळायचे,
सकाळी वहीत ठेकेदाराच्या नावे.
दहा वर्षांच्या हाताला काम हलकं वाटे,
काळं पान कुठं असतं ते शोधायचो मी,
सापडलं नाही कधी.

एका रात्री पुड्याच्या वाकाला
नेहमीच्या गाठीवर आणखी एक, बारीक,
करदोड्याला मारतात तशी.
दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही.
बापाला दाखवली.
तो बराच वेळ कंदिलाकडे बघत बसला.
मग म्हणाला, सोड त्या. सगळ्या. आणि झोप.
आणि स्वतः घरी गेला.

एकेचाळीस होत्या.
बत्तीस मी सोडल्या. बोटांची सालं निघाली.
गाढवी नदीकडून टिटवी ओरडत होती.
उरलेल्या नऊ तशाच राहिल्या.
झोप आली म्हणून की दुसऱ्या कशानं,
हे पन्नाशीतही मला सांगता येत नाही.
येईल त्या दिवशी कळवीन.

सकाळी बायका टोपल्या घेऊन आल्या
आणि सुकवारो ओळींत शिरली.
वाकून, न घाईनं,
मायच्या केसात ऊ शोधावी तशी.
एकेक पुडा काढून बापाच्या पायाशी ठेवला.
"गाठ माही हाय. बाद केलते तुमी.
मंग चांगल्या पानात आले कायनं?"

बापानं काठी वर केली. खाली केली.
कुणी ओरडलं नाही.
झेलाबाई मडावी आधी बसली, टोपली मांडीवर घेऊन,
मग सरजाबाई, मग सगळा टोला.
ऊन चढलं. पानं टोपल्यांत वाकडी होत गेली.
चार दिवसांनी ठेकेदाराची जीप आली,
आणि त्या वर्षी चिल्लर दोनवर आली.
पाचावरून दोन. शून्यावर नाही.
भाषणात लोक शून्य सांगतात.

एक गोष्ट कुठल्या भाषणात नाही.
सुटलेल्या वाकाला वळ राहतो.
नऊ पुडे ठेवून झाल्यावर तिनं आणखी एक उचलला,
गाठ नसलेला, वळ असलेला.
अंगठ्यानं चाचपला.
मग माझ्या सालं निघालेल्या बोटांकडे बघितलं
आणि पुडा परत ओळीत ठेवला.

पुढलं तुम्हाला ठाऊकच आहे. मोर्चे, नागपूरची जेल,
ग्रामसभेचा ठराव.
आठवडी बाजारात भेटते ती अजून,
माझ्या पोरांची विचारपूस करते,
वांगी निवडते, भावात घासाघीस करते.
बत्तिसांबद्दल कधी नाही.

छापताना एवढं सांभाळा.
आकडा नऊच ठेवा.
गोल दिसतो म्हणून दहा करू नका.