सहाचं खोकं

बर्क्याहून पहाटे तीनला गाडी भरतो.
मागे एकोणीस हजार अंडी, पुढे मी,
वेग साठच्या खाली,
कारण इथले गतिरोधक कुणाला विचारून येत नाहीत.
सात वर्षं झाली. या धंद्याची अंडीपिल्ली
मला ठाऊक, असं म्हणायला हरकत नाही.

पिंजऱ्यांच्या शेडमध्ये सकाळ होत नाही, लावतात.
चार वाजता बटण, रात्री आठला बटण.
कोंबडं झाकलं तरी उजाडतं, म्हणतात आमच्याकडे;
इथे कोंबडंच नाही,
आणि उजाडणं विजेच्या बिलात धरलेलं.
एका कोंबडीला जागा किती?
मी एकदा डिलिव्हरीचं चलन जाळीला लावून पाहिलं.
कागद मोठा निघाला.

मोकळ्या कोंबड्यांची शेड रस्त्यापलीकडे.
त्यांच्या खोक्यावर हिरवंगार गवत छापलंय,
जे मी ओमानात फक्त राऊंडअबाऊटवर पाहिलं.
पण दारं आहेत. खरंच आहेत, खरंच उघडी.
ऑगस्टात मी मुद्दाम थांबून बघितलं:
बाहेर सत्तेचाळीस, वाळूचा तवा,
आत सगळ्याजणी पंख्याखाली, चोची वासून.
एक तलंग उंबऱ्यापर्यंत आली,
मान काढली, बाहेर बघितलं,
आणि परत गेली.

मगरिबची बांग झाली की मात्र निघतात.
अंग वाळूत घुसळतात, पंख झाडतात,
उकरून उकरून काय शोधतात देव जाणे,
पण शोधतात.
तेवढ्यासाठी मी कधी कधी
गाडी दहा मिनिटं उशिरा काढतो.

अल खुवैरच्या दुकानात उपळेकर बाई भेटल्या.
'खरंच मोकळ्या असतात का हो?
म्हणजे, आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून विचारते.'
मी म्हणालो, संध्याकाळी असतात.
त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.
सहाचं खोकं, दीड रियाल, पिशवीत वरती ठेवलं.

त्यांच्या मागे एक सुदानी बाई,
कडेवर एक, ट्रॉलीत दोन.
तिने तीसचा ट्रे उचलला, एक रियाल आठशे,
आणि माझ्याकडे अशी बघितली
जशी मी तिची झडतीच घेतोय.
मी फक्त माझे ट्रे मोजत होतो, बाई.

गाडीत बसून हिशेब केला.
खोक्यातलं अंडं अडीचशे बैशाला,
ट्रेमधलं साठला.
मधले एकशे नव्वद,
ती संध्याकाळ.

मार्चमध्ये पगार पाच रियालने वाढला
तेव्हा मीही एक खोकं आणलं.
खोलीत आम्ही चौघं, अंडी सहा, भाग बसेना,
म्हणून सगळी एकाच कढईत फोडली.
कुन्हुमोन म्हणाला, चव तीच.
रफीकुल म्हणाला, बलक बघ, केशरी आहे.
भडवळकरने किंमत विचारली,
ऐकून काही बोलला नाही,
खुबूसच्या तुकड्याने कढई पुसून काढली,
कडेची करपलेली रेघसुद्धा.

रात्री मंडणगडला फोन लावला.
आईच्या पाच कोंबड्यांपैकी एक मुंगसाने नेली,
एक खुडूक बसलीय.
बाकीच्या दिवसभर परड्यात, कुणाच्या बापाला भीत नाहीत.
त्यांची अंडी गुरुजी नेतात, पंधराला एक.
'आणि घरात?'
'घरात कशाला गावठी? दुकानात सातला मिळतं की.
तुझ्या पोरीला रोज एक उकडून देते.'

दुकानातलं.
म्हणजे चिपळूणकडून कुणीतरी
पहाटे गाडी भरून आणत असेल,
वेग साठच्या खाली.

'तू काय जेवलास?' आईने विचारलं.
अंडं, म्हणालो.
'कसलं?'
लाइन खरखरत होती, किंवा मी खरखरवली.