तड्याची तारीख

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात
हिल्ये बोएरेमा यांचं स्वयंपाकघर
घर क्रमांक दोनशे चौदा म्हणून येतं.
बांधकाम विटांचं, पाया उथळ, माती चिकण,
जवळची वायुविहीर चार किलोमीटरवर.

खरं तर मी ग्रोनिंगनला पहिल्यांदा गेले तेव्हा
कॉफी ओतायच्याही आधी
त्यांनी टेबलावर काचेची एक गोटी ठेवली.
गोटी विचारात पडल्यासारखी क्षणभर थांबली,
मग निघाली सावकाश
उत्तरेला, खिडकीकडे, बीटच्या शेताकडे,
आणि बाईंनी ती कडेवर झेलली
न बघता.
"हे येतं का तुमच्या गणितात?"
येतं, मी म्हणाले. जमिनीचा कल हा एक चल आहे.
"चल," त्या म्हणाल्या, "नाव बरोबर ठेवलंय."

मग भिंत.
प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलीची आडवी रेघ
आणि तारीख, जिथवर तो पोचला तिथवरची.
दारामागे त्याच अक्षरात मुलांच्या उंच्या:
वुब्बो, सहा वर्षांचा. टेट्ये, नऊ.
"ती वाढायची थांबली
आणि घर वाढायला लागलं,"
असं म्हणून त्या हसल्या.
वहीत काय लिहावं, मला सुचेना.
मी तारखा उतरवून घेतल्या.

केसाएवढी ती चीर.
नख जातं ती भेग.
बोट जातं ती फट.
आणि तडा तो,
जो रात्री ऐकू येतो.
फॉर्मवर रकाना एकच: नुकसान, होय / नाही.
कारणासाठी दीड ओळ.
ते कारण सिद्ध करण्यात बाईंची अकरा वर्षं गेलेली.

हेगला, काचेच्या खोलीत, पाणी आणि बिस्किटं.
डेर्क-यान माणूस वाईट नाही,
त्याच्या टेबलावर एका लहान मुलीनं काढलेला घोडा आहे.
तो विचारतो, उंबरठा जरा वर घेतला तर?
म्हणजे कंपनाचा. किमान वेग.
त्याखालचं सगळं धरायचं नाही.
मी पडद्यावरची रेघ बोटानं वर सरकवते.
नऊशे बारा घरं
उंबरठ्याबाहेर.
एवढं सोपं आहे ते. आवाजही होत नाही.
बोएरेमाबाईंनी आपला उंबरठा तीनदा तासून घेतलाय,
दार लागावं म्हणून.

हे मी त्याला सांगितलं नाही.
पानाखालच्या टिपेत घातलं. टीप एकोणचाळीस.

आणि हेही सांगायला हवं
की माझ्या लहानपणीचं दूध याच वायूवर तापलं.
शाळेची इमारत, शाळेपुढचा पूल,
कुठल्याशा आडवळणानं माझी शिष्यवृत्तीसुद्धा
त्याच पोकळीतून वर आलेली.
खाली वाळूचा दगड, तीन किलोमीटर खोल,
आतला श्वास काढून घेतला की
हळूहळू बसतो, म्हाताऱ्यासारखा,
आणि बसताना कण्हतो.
त्या कण्हण्याचं समीकरण मला पाठ आहे.

डेल्फ्टला माझी तोंडी परीक्षा. काळे झगे.
तिसऱ्या रांगेत बोएरेमाबाई, कोट न काढता,
तीन तासांचा प्रवास करून आलेल्या.
शेवटचा प्रश्न एका कोरड्या, सभ्य आवाजात:
पेन्सिलीनं लिहिलेली तारीख
पुरावा म्हणून विश्वासार्ह कशावरून?
मी म्हणाले, महोदय,
ज्या हातानं मुलांची उंची

आणि दंडधारी आत आला,
घुंगरांची काठी फरशीवर आपटली,
लॅटिनमध्ये म्हणाला, तास भरला.
नियम असा की वाक्य तिथेच सोडायचं.

पदवी मिळाली.
बाहेर लोक शॅम्पेन पीत होते तेव्हा
बोएरेमाबाई सभागृहाच्या भिंतीवरून
तळहात फिरवत होत्या, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत.
"काहीच नाही हो इथे," त्या म्हणाल्या,
जराशा हिरमुसल्यासारख्या.